साडभाऊंच्या मशीनचा भोंगा

आमच्या साडभाऊंसारखे कान वैनगंगेच्या दोन्ही काठांवर देवाने दुसऱ्या कुणाला दिले नसतील, आणि दिले असलेच तर त्या माणसाने त्यांचा एवढा गवगवा केला नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ब्रह्मपुरीहून जीपने निघालं की धानाच्या बांध्या लागतात, मग थोडं जंगल लागतं, आणि जिथे जीपवाला 'आता उतरा, पुढे पायी जा' म्हणतो तिथे त्यांचं गाव सुरू होतं. घर पिढीजात मासेमारीचं. डोळ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नाही. डोळे कुणाचेही फसतात, कान फसत नाहीत, असं ते मला माझ्या लग्नाच्या मांडवातच सांगून गेले होते. माझ्या नव्या बुटांचा आवाज ऐकून त्यांनी बूट उसने आणलेत हेही तिथेच सगळ्यांसमोर जाहीर केलं. बूट उसने होते हे खरं, पण म्हणून मांडवात सांगायचं का?

मासे धरायची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, नदीच्या मधोमध नेऊन थांबवायचा, लांब बांबूचं एक टोक पाण्यात सोडायचं, दुसरं टोक कानामागच्या हाडाला टेकवायचं आणि डोळे मिटून एक बोट वर करायचं. बोट वर असेपर्यंत डोंग्यातल्या कुणी खोकायचं नाही, बोलायचं नाही, त्यांच्या मनासारखं झालं तर श्वासही घ्यायचा नाही. मग ते हळूच म्हणणार, "मरळ आहे. मोठी आहे. पोटात अंडी आहे." जाळं टाकलं की पुष्कळदा मरळच यायची, हे कबूल करायलाच हवं. कधी भलतंच काही आलं तर ते मुळीच गडबडत नसत. मरळ आत्ताच निघून गेली आणि तिच्या जागेवर ही येऊन बसली, एवढं सांगून ते पुन्हा बांबूला कान लावत.

बाजारात त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा. मडकं घ्यायचं तर दुकानातली सगळी मडकी बोटाने वाजवून व्हायची. टरबुजाला कानशिलाशी धरून ते इतका वेळ उभे राहायचे की येणारीजाणारी माणसं टरबूज काय सांगतंय ते ऐकायला थांबायची. थोरल्या मुलीला बघायला पोंभुर्ण्याकडचा मुलगा आला तेव्हा शिक्षण, शेती, घरदार यातलं त्यांनी काही विचारलं नाही. त्याला अंगणात चपला घालून विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. मुलगा बिचारा गेला आणि आला. साडभाऊ म्हणाले, पाऊल सरळ वाजते, पोरगी द्या. ती मुलगी आज सुखात आहे, त्यामुळे आमच्याकडे यावर बोलायची सोय उरलेली नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. माझी गाडी त्यांच्या फाट्यावर थांबायची आणि साडभाऊ अधूनमधून मासळीची टोपली घेऊन चढायचे. बसल्या बसल्या त्यांचं सुरू व्हायचं की मागचं डावं चाक रडून राह्यलं. डेपोतल्या मेकॅनिकने एकदा माझ्या आग्रहाखातर ते चाक खोलून पाहिलं, त्यात काही निघालं नाही, आणि मी डेपोभर हसण्याचा विषय झालो. पुढे कधीतरी ते चाक पंक्चर झालंच. सगळीच चाकं कधी ना कधी होतात. पण साडभाऊंनी ते श्रेय घेतलं आणि अजून सोडलेलं नाही. मला ते नावाने कधी हाक मारत नाहीत, 'कंडक्टर'च म्हणतात.

त्यांच्या डोंग्याला मशीन बसलं तीही एक कथाच. सिरोंच्याकडे कुणा नातेवाइकाच्या लग्नाला गेले असताना गोदावरीच्या काठावर त्यांना एका तेलुगू बोलणाऱ्या कोळ्याकडे डोंग्याच्या मागे लावायचं जुनं मशीन दिसलं. साडभाऊंना तेलुगू येत नाही, त्या माणसाला मराठी येत नव्हती. साडभाऊंनी हाताने विणलेली आपली दोन उत्तम जाळी दिली आणि मशीन घेतलं. निघताना त्या माणसाने मशीनच्या टोपाकडे बोट दाखवलं, स्वतःचे कान दोन्ही हातांनी झाकले, जोरात किंचाळला, आणि मग मान टाकून वाळूत आडवा झाला. साडभाऊंना वाटलं याला फेफरं आलं, त्यांनी त्याच्या नाकाशी चप्पल नेली. पुष्कळ वेळाने उलगडा झाला की मशीनमध्ये एक भोंगा आहे, मशीन तापलं की तो ओरडतो, आणि ओरडूनही चालवलं तर मशीन मरतं. नदीचं पाणी आत ओढून हे मशीन स्वतःला थंड ठेवतं. खालच्या तोंडात गवत अडकलं की पाणी बंद, आणि मग भोंगा. गावी आणल्यावर साडभाऊंनी दाराला लावून उरलेला हिरवा रंग त्याला वरून खालून फासला आणि ते आपल्याच घरातलं करून टाकलं. पलीकडच्या काठाची माणसं बाजाराला येण्याजाण्यासाठी त्यांच्या डोंग्याची वाट बघू लागली, आणि साडभाऊ 'मशीनवाले' झाले. कितीतरी वर्षं ते त्या भटभट करणाऱ्या मशीनला उजवा कान लावून बसले.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. सांजच्याला नदीवर गेलेल्या माणसाला बायको घाटावरून हाक मारते. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही, म्हणून हाकेत शब्द नसतो, नुसता लांब सूर असतो. घाटावर पाच-सहा बायका उभ्या राहून असे सूर सोडतात आणि ज्याचा त्याला बरोबर कळतो. हाक पोचली की नवऱ्याने डोंग्याच्या काठावर बांबू ठोकायचा. तो आवाज ऐकून बायको घरी जाते आणि भात मांडते. साडभाऊंच्या बायकोला मी बाई म्हणतो. बाईंची हाक बारीक, उंच, सरळ जाणारी. साडभाऊ त्या हाकेवर इतके खूष असत की वैनगंगेच्या दोन्ही काठांवर असा गळा नाही, असं ते आम्हाला सांगायचे. बाईंना मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

आणि मग कधीतरी हे बिनसलं. बाई माझ्या बायकोजवळ रडल्या की मशीनवाले झाल्यापासून यांना गर्व झाला, हाक मारली तर बांबू ठोकत नाहीत, घाटावरच्या बायका माझ्याकडे बघतात. साडभाऊ मला एकट्याला गाठून म्हणाले की मुली सासरी गेल्यापासून म्हातारा बुडला काय अन् तरला काय, तुझ्या बाईंना सारखंच झालं आहे, हाक मारायचंही तिने सोडलं. दोघांनीही आम्हाला बजावलं की हे तिकडे बोलायचं नाही. माझ्या बायकोने वर आणखी बजावलं की नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं नाही. घरात बाई ताट समोर ठेवायच्या, साडभाऊ जेवायचे, आणि दोघं दोन दिशांना तोंड करून झोपायचे. विचारलं का नाही एकमेकांना? अहो, विचारणार कसं. हाक काऊन नाई मारत म्हणून म्हाताऱ्याने बायकोला विचारायचं? आणि बांबू काऊन नाई ठोकत म्हणून तिने? त्यापेक्षा दोघं उपाशी राहिली असती.

साडभाऊ त्याच सुमाराला जगावरही नाराज झाले होते. पाखरं कमी झाली. नव्या मोबाईलच्या घंटीत जीव नाही म्हणून त्यांनी तो पुतण्याला देऊन टाकला. चुलीतलं लाकूड तडतडत नाही, जंगलखात्याने कोणती झाडं लावली कोण जाणे. एकदा ओसरीवर बसलो होतो आणि आवारातले रातकिडे असा गोंगाट करत होते की मला माझंच बोलणं ऐकू येईना. साडभाऊ खिन्नपणे म्हणाले, "आजकालच्या रातकिड्यायमंधी दम नाई राह्यला, कंडक्टर. फवारून फवारून मारून टाकले." मी मान डोलावली. वडीलधारा माणूस, त्यांच्या तोंडी कोण लागणार.

मग एका सांजेला ते एकटेच परत येत असताना मशीनच्या खालच्या तोंडात गवत गेलं. मशीन तापलं, जळका वास आला आणि ते बंद पडलं. डोंगा वाहत वाहत बराच खाली जाऊन काठाला लागला आणि साडभाऊ अंधार पडता पडता पायी घरी आले. नशीब, मशीन वाचलं होतं. पण भोंगा वाजलाच नाही म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या एखाद्या दिवशी डोंग्यात माणसं असती, बायका-लेकरं असती तर? पलीकडच्या लोकांनी उद्यापासून मशीनवर कसं बसायचं? हे त्यांचं म्हणणं मात्र अगदी खरं होतं. मला निरोप आला. मी म्हटलं, अहो भाऊ, मी तिकीट फाडणारा माणूस, मला मशीनमधलं काय कळतं. तर म्हणाले, "ज्यानं जिंदगीभर घंटी वाजवली त्याले भोंग्याचं समजत नाई का?"

डोंगा घरामागे ओढून आणला होता. टोप काढला आणि आत पाहतो तो सगळं हिरवं. तारा हिरव्या, नळ्या हिरव्या, नटबोल्ट हिरवे. भोंगा कुठला आणि मशीन कुठलं, काही कळेना. साडभाऊ एकेक वस्तू बोटाने वाजवून 'हा भोंगा असन' म्हणत होते. त्यात तेलाचं झाकणही आलं. शेवटी मी म्हटलं, गाडीचा मार्ग सापडत नसला की पहिल्या थांब्यापासून निघावं. मशीन तापतं कुठे, तर डोक्याशी. तिथे एक बटणाएवढी वस्तू बसवलेली होती आणि तिच्यातून एक तार निघाली होती. ती तार धरून, रंग नखाने खरडत, मी पुढे सरकत गेलो. एका पट्टीमागे कुंभारीण माशीने मातीचं भलंमोठं घर बांधलं होतं, आणि ते फोडल्यावर आत डबीएवढा काळा गोल भोंगा सापडला. गंज चढलेला, तोंडाशी माती. साडभाऊंनी माशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही तो निकाल मान्य केला, भोंगा खिशात घातला आणि ब्रह्मपुरीला जाऊन गाड्यांच्या वायरिंगवाल्याकडून तसाच नवा आणला. जुना त्याने सवयीने बॅटरीला लावून पाहिला तर तो वाजला. माती निघाली म्हणून वाजला असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा भोंगा बसवला. वायरिंगवाल्याने तपासायची युक्ती सांगितली होती. चावी फिरवायची आणि ती डोक्याकडची तार काढून मशीनच्या उघड्या लोखंडाला टेकवायची. म्हणजे मशीनला वाटतं आपण तापलो, आणि भोंगा वाजतो. साडभाऊ माझ्या खांद्याला खांदा लावून वाकले होते. ऐकायचं म्हणून त्यांनी डोळे मिटले, एक बोट वर केलं. मी तार टेकवली. भोंगा असा किंचाळला की माझ्या दातांत कळ गेली, झाडावरचे बगळे उडाले, शेजारचं कुत्रं भुंकत पळालं. मी आनंदाने साडभाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, बोट वरच होतं.

"लाव ना तार," ते म्हणाले. "काऊन थांबला?"

माझा हात तसाच राहिला. भोंगा वाजत होता आणि ते वाट बघत होते. तेवढ्यात बाई कानांवर हात ठेवून मागच्या दारातून बाहेर आल्या. "बंद करा जी ते," त्या म्हणाल्या, आणि मग नवऱ्याकडे बघून थांबल्या. मी तार काढली. साडभाऊंनी डोळे उघडले ते भोंगा थांबला म्हणून नाही, तर माझा खांदा त्यांना घासला म्हणून. आमची तोंडं पाहून त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्यांचं बोट हळूहळू खाली आलं.

बाई मला म्हणाल्या, "जवाईबापू, त्या दिवशी सांजच्याला नदीतनं हेच वाजत होतं. मी घाटावर होती. मले वाटलं, माह्या हाकेले हे आता भोंग्यानं जवाब देऊन राह्यले. चिडवाले."

म्हणजे मशीन बंद पडल्यावरही चावी चालूच होती, आणि हा माणूस किंचाळणाऱ्या भोंग्याला टेकून, नदी कशी शांत आहे म्हणत वाहत गेला होता. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. साडभाऊंनी मात्र भोंग्याचं सोडून बाईंना विचारलं, "तू हाक मारत होती?"

"रोज," बाई म्हणाल्या. "एक दिवस चुकली नाई."

साडभाऊ डोंग्याच्या काठावर बसले. बाई जवळ आल्या आणि उभ्याच राहिल्या. दोघांपैकी कुणीच रडलं नाही, रडलो तो मी, आणि तेही धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगून, चूल पेटलेली नसताना.

कबुली वगैरे त्यांनी दिली नाही. भोंगा 'बारीक' आहे, कंपनीने लेकरासाठी केला असन, एवढंच म्हणाले. मी त्यांना कसंबसं ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मशीनजवळ बसून कानातले उंच, बारीक आवाज आधी गेले आहेत, जाड आवाज अजून ऐकू येतात. कानात घालायचं यंत्र मिळतं, असंही सांगितलं. साडभाऊंनी ते दुकानातच घालून पाहिलं, रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एकदम डोक्यात शिरल्या म्हणून तिथेच काढून ठेवलं, आणि पाण्यात पडलं तर माशाले आयकू येईन, मले काय उपयोग, असं म्हणून उठले. मग मी ट्रकचा जुना जाड आवाजाचा हॉर्न मिळवला. वायरिंगवाल्याने तो मशीनला झेपेल अशी जोडणी करून दिली. तार टेकवली तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, आणि साडभाऊंचा चेहरा असा फुलला की मी तसा फक्त त्यांच्या मुलींच्या लग्नात पाहिला होता. भोंगा याले म्हणतात, असं ते आल्यागेल्याला सांगू लागले. एकदा डोंग्यात माणसं असताना गवत अडकलं, भोंगा वाजला, साडभाऊंनी झटक्यात मशीन बंद केलं. पलीकडच्या बायकांनी त्या दिवशी कान बंद आणि डोळे उघडे ठेवून देवाचं नाव घेतलं म्हणतात, पण मशीन वाचलं आणि माणसंही.

भोंग्याचं असं जमलं. हाकेचं काय जमणार होतं? मला वाटलं बाई आता घाटावर जायच्या बंद होतील. नाही झाल्या. रोज जातात, पूर्वीसारखाच सूर सोडतात. मी एकदा न राहवून विचारलं की बाई, आता कशाला. त्या म्हणाल्या, "ह्यायले आयकू नाई येत, मले तं येते ना."

परवा दिवाळीनंतर गेलो होतो. साडभाऊंनी मला सोबत नेलं. उन्हं कलली होती, मासळी वर यायची हीच वेळ. जाळं अर्धं पाण्यात, आणि ते सारखे मान वळवून घाटाकडे बघत होते. पूर्वी त्यांनी कधी तिकडे पाहिलं नव्हतं, गरजच नव्हती. घाटावर बाई दिसल्या. तोंडाशी हात नेलेला.

"मारून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"कसा येते आवाज?"

"पहिल्यासारखाच," मी म्हटलं.

"खोटं नोको बोलू, कंडक्टर. तू म्हातारा झाला, मी झालो. तिचाच कसा पहिल्यासारखा राहीन?"

मग मी नीट ऐकलं. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मीही ती हाक कधी नीट ऐकली नव्हती. सांगितलं त्यांना जसं होतं तसं. आवाज थोडा जाड झाला आहे, चढताना मध्येच चिरकतो, शेवटापर्यंत दम पुरत नाही, बाई थांबतात आणि पुन्हा उचलतात. साडभाऊ डोळे मिटून ऐकत होते, माझं बोलणं. मग त्यांनी अर्धं टाकलेलं जाळं ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो भाऊ, मासळीची वेळ आत्ता होते आहे.

"चाल," ते म्हणाले. "तिले दम लागते."

तेव्हापासून त्यांचा डोंगा उन्हं असतानाच काठाला लागतो. बाई घाटावर पोचतात तेव्हा साडभाऊ पायरीवर बसून जाळं झटकत असतात, आणि हाक मारायची राहूनच जाते. बाई माझ्या बायकोजवळ कुरकुरतात की म्हातारा आळशी झाला, मासे सोडून घरी पळतो. माझी बायको मला विचारते की भाऊंना झालंय तरी काय. मी म्हणतो, मला काय ठाऊक.